प्रायोगिक इंजिनात प्लास्टिक आणि कंपोझिट: कुठे टिकतं, कुठे दगा देतं?

दट्ट्या

माझं प्रायोगिक इंजिन: दोन लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७८. ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे, लायनर (सिलिंडरच्या आतल्या बाह्या) ओतीव लोखंडाचे. इंजिन डायनोवरच (चाचणीच्या बाकावर) राहणार, रस्त्यावर जायचं नाही. धातूचे जेवढे भाग प्लास्टिकमध्ये किंवा फायबर-राळेत (कंपोझिटमध्ये) बदलता येतील तेवढे एकेक करून बदलायचे आणि दर वेळी वजन, तापमान, आवाज मोजायचा, एवढाच उद्देश.

सुरुवात कुठून करावी? इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या), सम्प (खालचं तेलाचं भांडं), कॅम पुली, वॉटर पंपाचं घर अशी यादी आहे. ब्लॉक आणि कनेक्टिंग रॉड शेवटी. ताणशक्तीचे तक्ते कुठेही मिळतात, ते नकोत. काय फुटतं आणि का फुटतं, ते लिहा.

---

राळराजे

यादी बरोबर आहे, क्रमही जवळजवळ बरोबर. फक्त प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारा: तिथे सतत तापमान किती, बल कुठून कुठे जातं, आणि ते बल सतत आहे की क्षणभराचं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. प्लास्टिक क्षणभराचा मार पुष्कळ सोसतं, पण बोल्टचा सततचा दाब सोसत नाही, हळूहळू बसत जातं. इंजिनातली निम्मी दुखणी या क्रीपची असतात.

तापमानाचे ढोबळ आकडे: पिस्टनच्या माथ्याचा मध्य २५० ते ३०० अंश, स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) १२० ते १५०, सम्पमधलं तेल जोर लावल्यावर १३० ते १४०, हेडचा इनटेककडचा चेहरा १०० ते १२०.

आता माल. पीए६६ (नायलॉन) वितळतो २६० ला, पण त्याचा ग्लास ट्रान्झिशन (कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते तापमान) कोरड्या अवस्थेत ७० च्या आसपास आणि ओलावा प्यायला की त्याहून बराच खाली. म्हणजे चालू इंजिनात तो कायम मऊ बाजूलाच असतो, आणि त्याला उभं ठेवते ती आतली ३०-३५ टक्के काच. पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड): ट्रान्झिशन ९०, वितळणं २८० च्या पुढे, गरम कूलंटला उत्तम, पण ठिसूळ. पीक (पॉलिइथरइथरकीटोन): ट्रान्झिशन १४३, वितळणं ३४३. टोर्लॉन म्हणजे पॉलिअमाइड-इमाइड: ट्रान्झिशन २७५, पण साच्यातून काढल्यावर टप्प्याटप्प्याने २६० पर्यंत नेत कित्येक दिवस भाजावा लागतो. ते भाजणं अर्धवट राहिलं तर भाग दिसायला तोच, पण झीज आणि ताकद दोन्हींत नापास.

इपॉक्सीचं सांगायचं तर खोलीच्या तापमानाला सुकवलेली राळ ५०-६० अंशांना मऊ पडते, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. पोस्ट-क्युअर (सुकल्यावर भट्टीत पुन्हा भाजणं) न करता इंजिनवर काहीही चढवू नका.

---

जुनं_लोखंड

"प्लास्टिकचं इंजिन" म्हणून जे गाजलं ते पूर्ण प्लास्टिकचं नव्हतं, हे आधी स्पष्ट असू द्या. १९८० च्या दशकात मॅटी होल्ट्झबर्ग यांचं पोलिमोटर आलं. आधार फोर्डच्या २.३ लिटर पिंटो इंजिनाचा. वजन ७० किलोच्या घरात, मूळ ओतीव लोखंडी इंजिन १८० च्या वर. ताकद ३०० अश्वशक्तीहून जास्त. १९८४-८५ मध्ये लोला टी६१६ गाडीत बसून ते शर्यतीतही पळालं. पण क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, लायनर, ज्वलनकक्षाची भिंत, पिस्टनचा माथा, सगळं धातूचंच होतं. राळ होती ती ब्लॉक आणि हेडच्या कवचात, पिस्टनच्या स्कर्टमध्ये, रॉडमध्ये, आणि टायमिंग गिअरसारख्या भागांत.

२०१५ मध्ये पोलिमोटर २ जाहीर झालं, सोल्वेच्या पॉलिमरांवर. लक्ष्य ६३ ते ६७ किलो, आणि यादी कुठली? वॉटर पंप, ऑइल पंप, थ्रॉटल बॉडी, फ्युएल रेल, कॅम स्प्रॉकेट. म्हणजे दट्ट्या, तुमच्या यादीच्याच जातीचे भाग. त्याच वर्षी जर्मनीत फ्राउनहोफर आयसीटीने काच-भरल्या फिनॉलिक राळेचं एक सिलिंडरचं संशोधन-इंजिन दाखवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत सिलिंडरचं घर २० टक्क्यांपर्यंत हलकं. तिथेही सिलिंडरच्या आत धातूच.

---

तंतुवाद्य

मॅनिफोल्डपासूनच सुरू करा. फायदा लगेच मोजता येतो, कारण अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता १५० वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास आणि काच-भरल्या नायलॉनची ०.३. आत जाणारी हवा थंड राहते. शिवाय फुटलं तरी इंजिन मरत नाही (तुकडे आत गेले नाहीत तर).

कारखाने आज पीए६ किंवा पीए६६ चे दोन-तीन अर्धे साच्यात ओतून व्हायब्रेशन वेल्डने जोडतात. त्याआधीची पद्धत मोठी चतुर होती: १३८ अंशांना वितळणाऱ्या कथील-बिस्मथच्या मिश्रधातूचा गाभा करायचा, त्याच्यावर जवळपास तीनशे अंशांचं नायलॉन मारायचं, आणि नंतर गाभा वितळवून काढायचा. गाभा तेव्हाच का वितळत नाही? धातू उष्णता झपाट्याने आत ओढून घेतो आणि नायलॉन गोठायला काही सेकंदच लागतात.

एकच नग करायचा तर यातलं काही परवडणार नाही. कार्बन-इपॉक्सी हाताने करा. पद्धत अशी:

गाभा पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए प्लास्टिकचा, थ्रीडी प्रिंटरवर छापा. मॅनिफोल्डच्या आतला पृष्ठभाग म्हणजे गाभ्याचाच ठसा, तेव्हा छपाईच्या पायऱ्या पुट्टीने भरून गुळगुळीत करा, मग रिलीज वॅक्स. कापड २०० ग्रॅमचं विणलेलं, सहा थर, जाडी साधारण दीड मिमीपर्यंत. सगळ्यात आत, आणि जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियमची फ्लँज येईल तिथे, १०० ग्रॅमच्या काचेचा एक थर हवाच. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम थेट टेकले आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होते आणि फ्लँज सुटते.

थर शून्य, पंचेचाळीस, शून्य असे फिरवा. वर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांची फिल्म, ब्रीदर (हवा निघू देणारं जाड कापड), व्हॅक्युम बॅग. वजनाने फायबर ६०, राळ ४० च्या जवळ यायला हवं. बॅगशिवाय हाताने केलं तर निम्मं-निम्मं होतं, चालतं, पण जड होतं.

क्युअर: खोलीच्या तापमानाला २४ तास बॅगेतच. गाभा पोस्ट-क्युअरच्या आधी काढायचा. पीव्हीए गरम झालं की मऊ पडून नळ्यांचा आकार बिघडवतं. कोमट पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, शेवटी बोअरस्कोपने प्रत्येक नळी बघा. उरलेला तुकडा सिलिंडरमध्येच जाणार. मग दोन दिवस कोरडं होऊ द्या आणि भट्टी: ६० ला दोन तास, ८० ला दोन, १२० ला चार. चढ मिनिटाला अर्धा ते एक अंश, त्याहून घाई नको. राळ १२० ला चालणारी आहे ना, ते उत्पादकाच्या कागदावर बघून घ्या. भट्टीत फ्लँज एका सपाट जाड पट्टीला बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर केळं होऊन बाहेर येतं.

---

दट्ट्या

हे नेमकं हवं होतं. प्लेनम (नळ्यांआधीची हवेची पेटी) चौकोनी ठेवला तर? जागेची अडचण आहे. सपाट भिंत साधारण २०० बाय ३०० येईल.

---

तंतुवाद्य

गणित करा. थ्रॉटल बंद असताना आत-बाहेर ०.७ बारचा फरक पडतो. ०.०६ चौरस मीटरवर ४,२०० न्यूटन, म्हणजे चारशे किलोहून जास्त भार त्या भिंतीवर. दीड मिमीची सपाट भिंत आत ओढली जाईल, थ्रॉटल उघडला की परत, आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या थरांना उघडझाप. भेगा भिंतीच्या मध्यात पडत नाहीत, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला पडतात. एकतर फुगीर आकार द्या, नाहीतर ५ मिमी फोम घालून सँडविच करा. फोम तापमान सोसणारा घ्या, पीव्हीसी फोम १२० च्या भट्टीत नको.

कोपऱ्यांची आतली त्रिज्या निदान १० मिमी.

---

नटबोल्ट

बॅकफायर (मॅनिफोल्डमध्ये उलटा पेटणारा भडका) विसरू नका. प्लेनमला स्प्रिंगची रिलीफ झडप लावा. आणि चाचणी पाण्याने करा, हवेने नाही. २ बारपर्यंत पाणी भरून दहा मिनिटं. हवा भरली आणि फुटलं तर तुकडे उडतात, पाण्यात नुसती चिरफाड दिसते. नंतर उलट ०.८ बारचं व्हॅक्युम लावून दहा मिनिटं काटा हलतो का बघा.

इंजेक्टरची भोकं कंपोझिटमध्ये थेट पाडू नका. अ‍ॅल्युमिनियमचे बॉस खरादून चिकटवा, काचेच्या थरावर, गोंदाची जाडी ०.२ ते ०.३ मिमी. गोंदात काचेचे बारीक मणी मिसळले की ती जाडी आपोआप राहते. ओ-रिंग एफकेएमची (इंधन सोसणाऱ्या रबराची). आणि फ्युएल रेल धातूचाच असू द्या. पोलिमोटर २ मध्ये तो पॉलिमरचा होता हे खरं, पण त्यामागे मोठ्या कंपनीची चाचणीयंत्रणा होती. घरी छापलेला रेल, शेजारी गरम एक्झॉस्ट: आगीला निमंत्रण.

---

अर्धवट_अभियंता

फ्लँजखाली फिनॉलिकचा ८ मिमी स्पेसर टाकला तर? हेडची उष्णताही तुटेल आणि राळही वाचेल.

---

नटबोल्ट

टाका, पण बोल्टसाठी स्टीलच्या बाही घाला. मी म्हणतो ती बाही म्हणजे कम्प्रेशन लिमिटर. बोल्टचा दाब बाहीवर, प्लास्टिकवर नाही. बाही प्लास्टिकपेक्षा किंचित बुटकी, ०.०५ ते ०.१ मिमी, म्हणजे आवळताना प्लास्टिक तेवढंच दबून सील होतं आणि पुढचा सगळा भार स्टील घेतं. बाही उंच झाली तर प्लास्टिक सैल राहतं आणि हवा ओढतं. फारच बुटकी झाली तर बाही असून नसल्यासारखी. बोल्टच्या डोक्याखाली फ्लँज किंवा जाड वॉशर असा, की तो बाहीवर पूर्ण टेकेल.

बाहीशिवाय आवळलेला बोल्ट दोन-चार वेळा तापून थंड झाला की हाताने फिरतो. लोक मग आणखी आवळतात, प्लास्टिक आणखी बसतं, आणि शेवटी कानच तुटतो. हे चक्र कुठल्याही प्लास्टिक व्हॉल्व्ह कव्हरवर बघायला मिळतं.

---

राळराजे

सम्पबद्दल. आधी बघा सम्प भार घेतो का. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम इंजिनांत गिअरबॉक्सचे खालचे दोन-तीन बोल्ट सम्पमध्ये येतात आणि ब्लॉकचा खालचा भाग त्यानेच ताठ राहतो. तसं असेल तर सम्पला हात लावू नका. नुसतं तेलाचं भांडं असेल तर खुशाल करा, कारखाने पीए६६ मध्ये ३५ टक्के काच घालून करतातच.

छापून करणार असाल तर दोन अडचणी. पीए१२ वितळतो १८० च्या आत, १३० च्या तेलात तो उभा राहतो पण लोंबतो. आणि तारेच्या छपाईत थरांमधून तेल पाझरतं, लगेच नाही, काही तासांनी बाहेर घाम आल्यासारखं दिसतं. आतून पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या आणि पोस्ट-क्युअर करा. ड्रेन प्लगला स्टीलचा इन्सर्ट, आणि तो फिरू नये म्हणून बाहेरून षटकोनी. नुसती खडबडीत गोल बाही पाचव्या तेलबदलीला प्लगबरोबर फिरायला लागते.

सीलसाठी न्यूट्रल क्युअर सिलिकोन. व्हिनेगरचा वास येणारं नको.

---

जुनं_लोखंड

अवांतर वाटेल, पण अर्थिंग. धातूचे भाग काढून प्लास्टिक बसवलं की विजेचा परतीचा रस्ता बदलतो. ज्या सेन्सरांना स्वतःची अर्थची तार नसते, जे आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतात, ते प्लास्टिकमध्ये बसवले की मुके होतात. तेलदाबाचा साधा स्विच हे नेहमीचं उदाहरण. स्टार्टरचा प्रवाह तर कुठूनतरी वाट काढतोच, मग थ्रॉटलची केबल तापते. ब्लॉकपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड पट्टी घाला आणि डायनोच्या सांगाड्याला दुसरी.

कार्बन मात्र वीज वाहतो. त्याची धूळ कंट्रोलरच्या कनेक्टरमध्ये गेली की निदान करताना डोकं धराल. कार्बन कापणं-घासणं इंजिनापासून लांब, ओलं ठेवून आणि मास्क लावून.

---

दट्ट्या

वॉटर पंपाचं घर आणि थर्मोस्टॅटचं झाकण पीए६६ मध्ये चालेल का? माल हाताशी आहे.

---

राळराजे

डायनोवर शंभर तासांसाठी चालेल. त्यापुढे गरम ग्लायकॉल-पाणी नायलॉनची साखळी तोडत जातं, ताकद उतरते आणि एक दिवस नळीच्या तोंडाशी गोल चीर जाते. हायड्रोलिसिसविरोधी ग्रेड मिळतात, ते घ्या. त्याहून बरं पीपीएस किंवा पीपीए (जास्त उष्णता सोसणारं नायलॉन). पीपीएस घेतलंत तर होज क्लॅम्प आवळताना जपून, तो ठिसूळ आहे. नळीच्या तोंडात पातळ धातूची बाही असेल तर उत्तम.

---

अर्धवट_अभियंता

ब्लॉक आणि रॉडबद्दल कुणीच बोलत नाहीये. कार्बनचा ब्लॉक का नाही? ताठपणा आहे, वजन नाही.

---

नटबोल्ट

कारण बोल्ट स्टीलचे आहेत. हिशेब मांडतो.

७० बार सिलिंडरदाब धरला तर ९० मिमी बोअरवर ४४.५ किलोन्यूटन बल हेडला वर ढकलतं आणि तेवढंच मेन बेअरिंगला (क्रँकशाफ्टच्या आधाराला) खाली. म्हणजे हेड आणि मेन कॅप (त्या बेअरिंगचं खालचं झाकण) यांच्यामधलं सगळं काही दर दोन फेऱ्यांना एकदा ताणलं जातं. राळेला असा ताण द्यायचा नाही. म्हणून हेडपासून मेन कॅपपर्यंत आरपार स्टीलचे स्टड घालतात, ताण त्यांनी घ्यायचा आणि राळ कायम दाबाखाली ठेवायची. इथवर सोपं.

आता तापमान. एम१० चा २५० मिमी स्टड, ८० अंशांची वाढ. स्टील प्रति अंश प्रति मीटर १२ मायक्रॉन वाढतं. कार्बन-इपॉक्सी समतोल थरांत २ ते ३. स्टड ब्लॉकपेक्षा ०.१८ मिमी जास्त लांबतो, म्हणजे ताण जवळपास १४८ मेगापास्कलने उतरतो, म्हणजे प्रत्येक स्टडमागे साडेआठ किलोन्यूटन गेले. ३५-४० च्या प्रीलोडमधून (आवळतानाच्या ताणातून). वर क्रीप वेगळा. गॅस्केट नेमकं पूर्ण तापलेल्या, पूर्ण जोरातल्या इंजिनात उडतं.

काच-फिनॉलिकचा प्रसरणांक २० धरा, तर गणित उलटं: इंजिन तापलं की स्टड साडेसात किलोन्यूटनपर्यंत घट्ट होतो. ब्लॉक दबतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. गॅस्केटला हे आवडतं, राळेला नाही. वॉशरखाली ती बसत जाते आणि थंड झाल्यावर सैल सापडते. म्हणून वर आणि खाली अखंड धातूच्या पट्ट्या, स्टडखाली डिस्क स्प्रिंग, आणि पहिल्या काही तापचक्रांनंतर थंड अवस्थेत पुन्हा आवळणं.

---

तंतुवाद्य

सहमत, आणि म्हणूनच कार्बनपेक्षा काच-फिनॉलिक इंजिनवाल्यांना आवडतं. शिवाय बेअरिंगची बैठक. मेन बेअरिंगचे शेल क्रशवर (घरात दाबून बसवल्याने येणाऱ्या पकडीवर) बसतात, घराचा व्यास काही शतांश मिमीने वाढला तरी शेल फिरतो. ती बैठक राळेत कापायची नाही, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट ओतायच्या वेळीच साच्यात ठेवायचा. तेलाचे मार्गही तसेच, पातळ स्टीलच्या नळ्या आत गाडा. राळेत नुसती भोकं पाडली तर सूक्ष्म भेगांतून ४-५ बारचं तेल वॉटर जॅकेटमध्ये जातं आणि कूलंटची कॉफी होते.

लायनर ओले, वरून फ्लँजवर लटकलेले, खाली दोन ओ-रिंग. दोन ओ-रिंगांच्या मध्ये बाहेर उघडणारं एक भोक ठेवा. वरची गळली की पाणी बाहेर दिसेल, सम्पमध्ये जाणार नाही.

---

जुनं_लोखंड

उष्णतेचं एक राहिलं. धातूचा ब्लॉक आणि सम्प स्वतःच बरीच उष्णता बाहेर फेकतात. राळेचा ब्लॉक ती आतच ठेवतो, मग तेल तापतं. ऑइल कूलर आधीपेक्षा मोठा लावावा लागेल. उलट वॉर्म-अप झटपट होतो, तेही मोजा.

---

राळराजे

रॉडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये. ७,००० आरपीएमला, पिस्टन-पिन-रिंगसह अर्धा किलो धरून, वरच्या टोकाला साडेतेरा किलोन्यूटनची ओढ. ज्वलनाच्या वेळी ४४ चा दाब. दांडा हे सहज झेलतो. मरतं ते मोठं टोक, जिथे फायबर वळतात, कॅपचे बोल्ट येतात आणि शेलचा क्रश लागतो, तेही गरम तेलात. रॉड तुटला की ब्लॉकला भोक, आणि तोपर्यंतचा सगळा प्रयोग भंगारात.

फिरत्या-सरकत्या भागांत काही करायचंच तर पिस्टनच्या स्कर्टवर पॉलिअमाइड-इमाइड आणि ग्रॅफाइटचा लेप द्या. कितीतरी गाड्यांच्या पिस्टनवर तो कारखान्यातूनच असतो. १० ते २० मायक्रॉन, आणि क्लिअरन्स मोजताना लेपासकट मोजायचा.

---

अर्धवट_अभियंता

मेटल मॅट्रिक्स? तेही कंपोझिटच की.

---

जुनं_लोखंड

हो, आणि तेच सगळ्यात यशस्वी. टोयोटाने १९८० च्या दशकातच डिझेल पिस्टनच्या रिंगखाचेत सिरॅमिक फायबर घातलेलं अ‍ॅल्युमिनियम वापरलं. होंडाने नव्वदीत प्रेल्यूडच्या सिलिंडर भिंतीत अ‍ॅल्युमिना आणि कार्बनचे आखूड फायबर ओतले. पण त्याला दाबाखालचं ओतकाम लागतं, या चर्चेच्या आवाक्याबाहेर.

---

दट्ट्या

ठरलं: मॅनिफोल्ड, मग थर्मोस्टॅट झाकण पीपीएसमध्ये, मग सम्प (तपासला, गिअरबॉक्सचा बोल्ट त्यात येत नाही). कॅम पुलीबद्दल शेवटचा प्रश्न. बेल्ट आहे, चेन नाही. टोर्लॉनचा गोळा खरादून करायचा विचार आहे.

---

नटबोल्ट

मधे स्टीलचा हब ठेवा, बाहेरचं कडं टोर्लॉनचं. मूळ पुली नुसत्या बोल्टच्या घर्षणावर धरलेली असेल तर प्लास्टिकमध्ये ते घर्षण टिकणार नाही. हब आणि कडं यांच्यात सहा डॉवेल किंवा दातेरी जोड द्या. ३० टक्के काचेचा ग्रेड घेतला तर प्रसरणांक १६ च्या आसपास, हबच्या स्टीलशी बऱ्यापैकी जुळतो. पण काच बेल्टचे दात घासते. ३० टक्के कार्बनचा ग्रेड ९ च्या जवळ, आणि बेल्टला सौम्य.

टोर्लॉन हवेतला ओलावा पितो आणि आकार बदलतो. खरादण्याआधी १५० अंशांना रात्रभर वाळवा, माप घ्या, आणि बसवेपर्यंत बंद पिशवीत ठेवा. खोल खरादलंत तर वरची पक्की झालेली कातडी निघते. दाते कापल्यावर पुन्हा क्युअर केलं तर झीज कमी होते. ओला भाग एकदम तापवला तर आतून फोड येतात.

पहिले वीस तास झाले की कव्हर काढून बेल्टची पूड बघा. काळी असेल तर बेल्ट जातोय, पिवळट-तपकिरी असेल तर पुली. अर्थात हे काचेच्या ग्रेडला. कार्बनची पूडही काळीच, तिथे मायक्रोमीटरने दाते मोजण्यावाचून इलाज नाही.